एन–ओ: कमकुवत, आधी तुटेल

माझ्या पुतणीचं लग्न मी जवळजवळ मोडलं, तेही पाठ्यपुस्तकातली माहिती अगदी अचूक सांगून.

मी पनवेलजवळ रोडपालीत बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवतो. क्लास घरच्याच हॉलमध्ये. (हॉल हा शब्द बिल्डरचा, मी आपला त्याचा मान राखतो.) दादाच्या घरी चार माणसं बसायची पंचाईत, म्हणून नीलिमाच्या लग्नाची बोलणी माझ्याकडे ठरली. मुलगा ओंकार, कोन गावचा, तिच्याच ऑफिसातला. दोघांचं आधीच जमलेलं होतं. अडलं होतं फक्त त्याच्या आत्यांपाशी. त्या घरात आत्या नाही म्हणाल्या की विषय संपतो! बिचारी नीलिमा आठवडाभर धड जेवली नव्हती.

बायकोने हॉल सजवला. भिंतीवर 'एन' आणि 'ओ' अशा अक्षरांचे चकचकीत फुगे लावले. दोन्ही मिळून 'नो' होतं, हे एवढ्या शिकल्यासवरल्या घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही. फुग्यांच्या बरोबर खाली माझा फळा. तो पुसणं एवढं एकच काम माझ्याकडे होतं. ते मी अर्थातच विसरलो.

आत्यांनी चहाचा कप उचलला आणि फळा वाचायला घेतला. वर मोठ्या अक्षरांत प्रश्न होता : 'कोणता बंध आधी तुटेल?' आणि त्याखाली, माझ्या वळणदार अक्षरात : 'एन–ओ : कमकुवत, आधी तुटेल.'

"मास्तर, काय लिवलंय ते?"

अशा वेळी शहाणा माणूस फळा पुसतो. मी समजावून सांगायला उठलो. म्हटलं, बंध तोडायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढी त्याची ताकद. तिला म्हणतात बंध एन्थाल्पी. आता एन–ओला मोलमागे जेमतेम दोनशे किलोज्यूल पुरतात, म्हणजे काहीच नाही! दादाने डोळे मिटून घेतले. आत्यांना वाईट वाटू नये म्हणून मी चांगली बाजूही दाखवली. तेच एन–एन बघा, तीन रेघा, नऊशेच्या वर, सहजासहजी तुटतच नाही.

आत्यांनी नीलिमाकडे रोखून पाहिलं. "ह्यो दुसरा एन कोन?"

मला वाटलं, गावाचं विचारताहेत.

"कोनमध्येच असं नाही," मी म्हणालो. "हवेत सगळीकडे असतो. पनवेलभर."

ओंकार घाईघाईने म्हणाला, अगं आत्या, तो नायट्रोजन! झालं. आता आत्यांना त्या मुलाचं नावही कळलं. त्यांनी पर्स उचलली.

तेवढ्यात नीलिमा उठली. माझ्या हातातला मार्कर तिने जवळजवळ ओढूनच घेतला. तिने एन आणि ओच्या मध्ये आणखी एक रेघ मारली.

"आत्या, काकांनी एकच रेघ मारली होती. तो एकेरी बंध, तो तुटणारच. दुसरी रेघ आली की हाच बंध तिप्पट मजबूत होतो. हो ना काका?"

खरं होतं, सहाशेच्या वर जातो. मी नुसती मान हलवली. त्या संध्याकाळी मी केलेलं हे पहिलं शहाणपण.

आत्यांनी फळ्यावरच्या दोन्ही रेघा बोटाने मोजल्या. मग पर्स खाली ठेवत म्हणाल्या, "येक रेघ पोराची, येक पोरीची. मंग आसं सांगाचं ना मास्तर. पोरगी हुशार हाय. आमाला पसंत हाय."

दादाने डोळे उघडले. आत्याही खुलल्या आणि विचारू लागल्या, तुमचा नि वैनींचा बंध कंचा? मी ऐटीत माझ्या नावातली, 'हेमंत'मधली, पहिली 'एच' आणि 'ई' ही अक्षरं फळ्यावर लिहिली आणि तिथेच थबकलो. हेलियम! हा कुणाशीच बंध करत नाही.

"राजवायू," मी घाईने म्हणालो. "राजा माणूस."

"आमच्या वेळच्या पुस्तकात त्याला निष्क्रिय वायू म्हणायचे," पेढे फिरवता फिरवता बायको म्हणाली. "साधा फळासुद्धा पुसत नाही."