न ठोठावलेलं दार

सेल्बी डर्नफर्डनं आयुष्यात कुणाच्या दारावर ठोठावलं नाही. त्यात त्याचं एकट्याचं कौतुक नाही, आमच्या किनाऱ्यावर कुणीच ठोठावत नाही. पाद्री ठोठावतो, पोलीस ठोठावतो, मतं मागायला आलेला ठोठावतो. बाकीचे मागच्या दारानं सरळ स्वयंपाकघरात शिरतात आणि आधी किटलीकडे बघतात. दारावर थाप पडली की घरातली माणसं एकमेकांची तोंडं बघतात, कोण गेलं म्हणून.

सेल्बी राहतो ग्रीन टिकलला, माझ्या रोझ ब्लँच गावाहून होडीनं जावं लागतं तिथे. एके काळी भरलेलं गाव होतं ते. मग मासा आटला आणि सरकार म्हणालं, जवळपास सगळे हो म्हणाले तर मोबदला देऊन सगळं गाव हलवू. मतदान झालं आणि एका मतानं सगळं फिसकटलं. मत गुप्त होतं म्हणे! ते सेल्बीचं, हे कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं. सेल्बीच्या पाठच्या बहिणीचा, एफीचा, नवरा तेव्हा आजारी होता आणि तिला दवाखान्याजवळ जायचं होतं. ती मोबदल्यावाचून तशीच गेली, स्टीफनव्हिल शहरात. नवरा त्याच हिवाळ्यात वारला. सेल्बी मातीला गेला नाही आणि एफीनं त्याचं नाव टाकलं.

बाकीचेही हळूहळू निघून गेले. आता तिथे सेल्बी, त्याची होडी आणि त्याची चूल. तो बोलतो कुणाशी, देव जाणे. माझ्याकडे आला की पहिला तासभर त्याचा आवाज घोगरा असतो.

या शरदात तो आला तो इस्त्रीचा सदरा घालून. हातात खारवलेल्या कॉड माशाचा डबा आणि रानफळांच्या मुरंब्याची बरणी.

"गार्लंड, गाडी चालू आहे का तुझी?"

"चालते, शिव्या दिल्या तर. कुठे जायचंय?"

"एफीकडे."

घरात किटली उकळत होती, ती बंद केली आणि निघालो.

आमचा रस्ता म्हणजे एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला खडक, झाड म्हणून नाही. सेल्बी बरणी मांडीवर धरून बसला होता. पोर्ट ओ बास्कच्या पुढे, डोंगरावरून वारा खाली कोसळून ट्रकही उलटवतो त्या पट्ट्यात, ट्रकांची रांग उभी होती. वारा पडेपर्यंत कुणी हलणार नव्हतं. आम्हीही रांगेत लागलो. गाडी पाळण्यासारखी हलत होती. आम्ही पाव आणि बोलोनीच्या, म्हणजे सॉसेजच्या, चकत्या खाल्ल्या, थर्मासमधला चहा संपवला.

"मी काय म्हणतो," सेल्बी बऱ्याच वेळानं म्हणाला, "सरळ आत जाऊ की ठोठावू?"

मी हसलो. तो हसला नाही.

"सरळ गेलो तर म्हणेल, कुठल्या हक्कानं घुसलास. ठोठावलं तर संपलंच. मग मी परकाच."

"मग सरळ जा. फार तर लाटणं फेकून मारेल."

"मारू दे. पूर्वी नेम चांगला होता तिचा." आता तो जरासा हसला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "गार्लंड, मी तिथे एकटा मेलो तर कुणाला कळणारही नाही रे. तिला तरी कळावं, एवढंच."

मी वायपर उगाच चालू करून बंद केले.

वारा पडला, आम्ही पुढे गेलो. एफीचं घर एका नव्या वस्तीत आहे, सगळी घरं सारखी, दाराला घंटा. सेल्बीनं मला गाडी कोपऱ्यावर उभी करायला लावली. डबा आणि बरणी घेऊन तो घराच्या मागे गेला. जाताना टोपी काढून केसांवरून हात फिरवला. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण शाळेत पहिल्यांदा निघालेल्या पोरासारखा दिसत होता.

मी रेडिओ लावणार तोच तो परत आला. डबा हातात, बरणी हातात.

"बंद आहे."

"बाहेर गेली असेल."

"आत रेडिओ चालू आहे. दाराची मूठ फिरवली. आतून कुलूप आहे."

"अरे लेका, शहर आहे हे! इथे सगळे कुलूप लावतात. ठोठाव ना!"

"एफीच्या दारावर? मी?"

"मग मी जातो."

त्यानं माझी बाही धरली. "तू उतरलास तर मी इथून चालत घरी जाईन." आणि तो गेलाही असता, मी त्याला ओळखतो.

"निदान ते सामान तरी ठेवून ये."

"पायरीवर? भिकाऱ्यासारखं? गाडी काढ."

येताना तो बरणी मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत बसला. मला त्याचा राग आला होता आणि त्याच्यासाठी रडूही येत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो होडी घेऊन परत गेला.

आठवडाभरानं माझा फोन वाजला.

"गार्लंड, एफी बोलतेय. गेल्या आठवड्यात माझ्या मागच्या दाराची मूठ कुणीतरी फिरवली. ठोठावलं नाही, घंटा नाही. इथलं कुणी तसं करत नाही, फक्त आपली माणसं करतात. मी माडीवर होते, माझे गुडघे गेलेत, जिना उतरेपर्यंत पायरी रिकामी. कोपऱ्यावरून तुझ्या गाडीसारखी एक मोडकी गाडी वळताना दिसली. तो होता ना?"

"होता."



"मग थांबला का नाही मेला?" ती म्हणाली.

समुद्र जरा निवळताच मी ग्रीन टिकलला गेलो. सेल्बी लाकडं रचत होता. मी त्याला सगळं सांगितलं, जिन्याचं, गुडघ्यांचं. तो हातातलं लाकूड तसंच धरून ऐकत राहिला.

"चल," मी म्हणालो, "आत्ता निघू. फोनवरच म्हणाली, तेव्हापासून ती मागचं दार उघडंच ठेवते. झोपतानासुद्धा. तिचा मुलगा फोनवरून ओरडतो, पण ऐकत नाही."

"तिच्या नवऱ्याच्या मातीला गेलो नाही," सेल्बी म्हणाला. "आता तिच्या गुडघ्यांसाठीसुद्धा थांबलो नाही. कुठल्या तोंडानं जाऊ?"

मी समजावलं, चिडलो, शिव्याही दिल्या. तो लाकडं रचत राहिला. शेवटी मी होडीत बसलो, तसा तो धक्क्यापर्यंत आला. मला वाटलं, चढतोय.

"झोपतानासुद्धा उघडं ठेवते?" त्यानं विचारलं.

"हो."

"वेडी आहे का ती? एकटी बाई, शहरातलं घर. तिला सांग, कडी लावून झोप म्हणावं."

दोर सोडून त्यानं होडी पायानं ढकलली.

"आणि मी म्हणालो असं सांगू नकोस."