वसुधाकाकूंनी केलेलं भलं

वसुधाकाकू मूळच्या नागपूरच्या. तिथल्या एका कॉलेजात मुलांचं समुपदेशन करायच्या आणि बोलायला एकदम सडेतोड. २००४ साली नवऱ्यामागे ओहायोतल्या डब्लिनला आल्या आणि व्हिसाने हात बांधले. नोकरी करायची नाही! मग काय, बसल्या शाळेच्या लायब्ररीत फुकटात पुस्तकं लावत.

तिथे जेवणाच्या सुट्टीत नात्सुमी यायची. चौदा वर्षांची जपानी पोर, वडील मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. कॅफेटेरियात तिच्याशी कुणी बोलायचं नाही. शनिवारच्या जपानी शाळेत लिपी कच्ची, म्हणून तिथल्या मुली ‘अमेरिकन’ म्हणून चिडवायच्या. पोरगी ना इकडची, ना तिकडची. काकूंच्या टेबलामागे बसली की मात्र डबा चाटूनपुसून खायची आणि अखंड बडबडायची.

“आईला सांगू नका हं,” एकदा म्हणाली. “तिला वाटतं, मला खूप मैत्रिणी आहेत.”

पण काकूंच्या पोटात काही राहील तर शपथ! त्यात अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदाच कुणाला तरी आपली गरज आहे असं वाटत होतं. बेसनाचे लाडू घेऊन त्या थेट तिच्या घरी धडकल्या आणि आपल्याकडे शेजारणीला सांगावं तसं तोंडावर सांगून मोकळ्या झाल्या, “तुमची मुलगी एकटी पडलीय हो. रोज माझ्याजवळ बसून जेवते.”

आई कमरेत वाकली. पुन्हा वाकली. “आमच्यामुळे तुम्हाला फार त्रास झाला. माफ करा.”

“अहो, त्रास कसला!” काकू म्हणत राहिल्या, पण ऐकतंय कोण? दुसऱ्या दिवशी सुबक कागदात बांधलेला मिठाईचा डबा दारात हजर. काकू खूश. पोरीचं मार्गी लागलं म्हणे. डोंबलाचं मार्गी! त्या डब्यात ‘उपकार फेडले, आता आमच्या घरात लक्ष घालू नका’ असा निरोप होता, हे या शिकल्यासवरल्या बाईला कुणी सांगायचं?

नात्सुमी लायब्ररीत यायची बंद झाली. शेवटी काकूंनीच तिला कॅफेटेरियात गाठलं. जपानी मुलींच्या टेबलाच्या टोकाशी बसून ती नुसती हसत होती.

“अगं, येत का नाहीस?”

ती उठली, आईसारखीच वाकली. “तुम्हाला त्रास दिला. सॉरी.”

“मला कुठे गं त्रास होता?”

“आईला झाला,” नात्सुमी हळूच म्हणाली. “बाहेरच्या माणसाला माझं बघावं लागलं, म्हणून ती खूप रडली. आता रोज विचारते, आज कुणाजवळ जेवलीस? मला नावं सांगावी लागतात. म्हणून इथे बसते. घशाखाली काही उतरत नाही.”