पंचेचाळीस दिवसांचा चार्ट

समस्त जनतेस गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, कुरकुंभच्या एका औषध कारखान्याचं सॉफ्टवेअर आम्ही पंचेचाळीस दिवसांत पूर्ण केलं. कागदावर.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी प्रोजेक्ट लीडर. प्लॅनिंगची साधनं म्हणजे चार्टपेपर, फूटपट्टी आणि पेन्सिल. प्रत्येक प्रोग्रामरला, प्लँटमधल्या प्रत्येकाला विचारून मी गँट चार्ट काढला होता. म्हणजे प्रत्येक कामाची एक आडवी पट्टी; जितके दिवस, तितकी लांब. बेरीज नव्वद दिवस.

"पंचेचाळीसमध्ये बसवा," कारखान्याचे डायरेक्टर म्हणाले.

आमच्या बॉसनी खिशातून खोडरबर काढला. टेस्टिंगची पट्टी खोडून कोडिंगच्या बरोबर खाली, त्याच दिवसांवर सरकवली. टेस्टिंग म्हणजे लिहिलेला प्रोग्राम तपासणं. तो लिहून होण्याआधी कसा तपासायचा, हे विचारायला मी तोंड उघडलं.

"निगेटिव्ह बोलू नका."

मी तोंड मिटलं. चहा घेतला. बिस्किटही घेतलं.

डायरेक्टरांनी चार्टवर इतका विश्वास ठेवला की नवी बॅच रजिस्टरं छापलीच नाहीत. कुठल्या बॅचमध्ये काय, किती, कधी टाकलं, ही नोंद असल्याशिवाय औषध गेटबाहेर जात नाही. शेचाळिसाव्या दिवशी जुनी रजिस्टरं संपली. कॉम्प्युटर तेव्हा फक्त तारीख दाखवत होता. तीही चुकीची.

दौंडहून शिफ्टला येणारे कांबळेमामा शिफ्ट इन्चार्ज. "साहेब, सही कशाव करू? टीव्हीच्या काचंव?" त्यांनी मला विचारलं. मग बिचाऱ्यांनी सुट्या कागदांवर नोंदी ठेवल्या. क्वालिटीवाल्यांनी त्या नाकारल्या. माल अडकला, आणि मेमो मिळाला मामांना. रिटायरमेंटला वर्ष राहिलेलं, सबंध नोकरीत पहिला डाग.

मी बॉसना म्हटलं, "चूक आपली आहे. तसं लेखी देऊ या."

"आधी नवा चार्ट काढा."

सॉफ्टवेअर चालू झालं चौऱ्याण्णवाव्या दिवशी. मेमो मामांच्या फाइलमध्येच राहिला. माझा धडा एवढाच : पट्टी सरकत असते तेव्हाच बोलावं, नंतर बोललेलं कुणाच्याच कामाचं नसतं.

वेळेवर बोलले ते मामाच. त्या नव्या चार्टच्या मीटिंगमध्ये मी पन्नास दिवस मांडले होते. डायरेक्टर म्हणाले, "पंचवीस करा." बॉसनी मान डोलावली. मेमोचा खुलासा द्यायला बोलावलेले मामा दाराशी उभे होते. त्यांना राहवलं नाही :

"आवो साहेब, आपल्या रिअ‍ॅक्टरला बॅचला बारा तास लागत्यात. तुम्ही मीटिंग घेतली म्हनून त्यो सहा तासात शिजवतो व्हय?"