पालथ्या बादलीवरची जबानी

आमच्या बराकीत एक रीत होती. सुट्टीवरून परत आलेल्या जवानाने पहिल्या संध्याकाळी, जेवणाच्या घंटेआधी, खाटांच्या दोन रांगांमध्ये पालथ्या घातलेल्या बादलीवर बसायचं आणि जबानी द्यायची. आई कशी आहे, घर कुठवर बांधून झालं, असलं काही कोणी विचारायचं नाही. जबानी एकाच विषयाची. बायको असेल तर बायकोची, नसेल तर शेजारणीची, तीही नसेल तर स्वप्नात आलेलीची. खरंखोटं कोणी तपासत नसे. एका छपराखाली एवढे पुरुष, महिनोन्महिने बाईचा आवाजसुद्धा कानावर पडायचा नाही. तिथे खऱ्याची कोणाला पडली होती?

त्या बादलीवर शोभायचे ते गादीशेठ. हे नाव आम्ही ठेवलेलं. ते अंथरुणांचं कोठार सांभाळायचे. गाद्या, उशा, कांबळी द्यायची, परत आली की उन्हात टाकून बडवायची, उसवलेली शिवायची. भुवयांत कायम कापूस अडकलेला, अंगाला डांबराच्या गोळ्यांचा वास. नव्या माणसाला गादी देताना म्हणायचे, "एकट्याची आहे. दोघांची हवी असेल तर आधी दुसरं माणूस आणून दाखव." परत आलेल्या गादीतला खळगा हाताने चाचपून सांगायचे, "हा भिंतीकडे तोंड करून झोपतो. नवं लग्न आहे वाटतं." बहुतेक वेळा खरं निघायचं.

त्यांच्या जबानीतली बायको आम्हाला तोंडपाठ होती. "आमची ही" म्हणून सुरुवात व्हायची आणि आमच्या डोळ्यांसमोर धिप्पाड, खिदळणारी, कोणाच्या बापाला न घाबरणारी बाई उभी राहायची. ती नवऱ्याला दारातच सावधान उभं करायची, वर्दीची बटणं स्वतः मोजायची आणि एक कमी भरलं म्हणून शिक्षा द्यायची. शिक्षा काय, ते गादीशेठ हातवारे करून सांगायचे. ते मी इथे लिहीत नाही, हात धजत नाही. पण एक गोष्ट लिहावीच लागेल, कारण पुढे तिचंच काम आहे.

"रात्री पलंगाचा पाय मोडला," ते सांगायचे. "धाडकन आवाज. सकाळी आई चुलीपाशी. म्हणाली, रात्री काय पडलं रे? म्हटलं, मांजरानं पातेलं पाडलं. आई म्हणते, एकच पातेलं चार वेळा?"

बराक हसून लोळायची. मग गादीशेठ आवाज खाली आणायचे. "आणि बाहेरून आमचे म्हातारे खोकतात. आई म्हणते, तुम्ही गप बसा. मांजर तुमच्याच वळणावर गेलंय."

मी त्यांच्या शेजारच्या खाटेवर होतो. वायरलेसवर माझं काम. दिवसभर कानाला यंत्र, त्यामुळे की काय, तोंड उघडायची सवयच नाही. मला सगळे मौनीबाबा म्हणत. पहिल्या सुट्टीवरून आलो तेव्हा मलाही बादलीवर बसवलं. माझं लग्न झालेलं नव्हतं, आणि शेजारीण म्हणाल तर सत्तरीची.  ड्रायव्हर म्हणून आमच्यात एक वात्रट होता, तो ओरडला, "बाबा, निदान देवीचं दर्शन तरी सांगा!" मी घामाने भिजलो. तेव्हा गादीशेठ उठले, मला दंडाला धरून बाजूला केलं आणि स्वतः बादलीवर बसले. "याची जबानी मी देतो. याला सांगायला लाज वाटते, कारण याचं सगळ्यात भारी आहे." आणि माझ्या नावावर त्यांनी असलं काही रचलं की पुढचे कितीतरी दिवस लोक माझ्याकडे आदराने बघत होते.

पुढे गादीशेठना कुटुंबासाठी क्वार्टर मिळाली. बराकीमागे, पाण्याच्या टाकीपलीकडे, एक खोली आणि मोरी. वहिनी येणार म्हटल्यावर अर्धी बराक कामाचं निमित्त काढून फाटकापाशी रेंगाळली. गाडीतून उतरली ती एक लहानखुरी, हडकुळी बाई. एका हातात पत्र्याची पेटी, नजर जमिनीवर. गादीशेठ चार पावलं पुढे चालत होते, ती मागून. दोघांत एक शब्द नाही.

"हिनं?" ड्रायव्हर हळूच म्हणाला. "हिनं पलंग मोडला?"

कोणी हसलं नाही.

गादीशेठ मला घरी चहाला न्यायचे. आग्रहाने, जवळजवळ ओढून. का ते लवकरच कळलं. तिसरं माणूस असलं की त्यांना बोलता यायचं. बायकोकडे पाठ करून ते मला गाद्यांच्या गमती सांगायचे, आणि ती स्टोव्हपाशी बसून ऐकायची. मी उठायला लागलो की त्यांचा चेहरा उतरायचा.

एकदा वहिनींनी मला मोरीच्या दाराशी विचारलं, "भाऊजी, नळावर ते ड्रायव्हर म्हणतात, वहिनी, पलंग भक्कम आहे ना? सगळे तोंड फिरवून हसतात. पलंगाचं काय आहे?"

"काही नाही वहिनी. त्याचं डोकं फिरलंय." मी चहा अर्धा टाकून पळालो.

पलंगाचं वहिनींना शेवटी कळलं, ते थेट गादीशेठच्याच तोंडून. आचारी सुट्टीवरून आला होता. त्याची जबानी अगदीच अळणी झाली, म्हणून लोकांनी गादीशेठना बादलीवर बसवलं. "मांजर! मांजर होऊन जाऊ दे!" ते नको नको म्हणाले, पण बादलीवर बसल्यावर त्यांचं अंगच बदलायचं. माझी खाट खिडकीलगत. सहज बाहेर पाहिलं तर वहिनी उभ्या. हातात जेवणाचा डबा. मी खाकरलो, खुणा केल्या; पण माझ्याकडे कोण बघतंय? मांजर झालं, सावधान झालं, बटणं झाली. वहिनी हलल्या नाहीत. शेवटपर्यंत ऐकलं. मग डबा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी गादीशेठ माझ्या खाटेपाशी आले ते पांढरे पडलेले. "तू आज घरी चल. तिनं बोलावलंय. एकट्याला मला जमायचं नाही."

मला वाटलं, आता भांडण. खोलीत शिरलो तर मधोमध बादली पालथी घातलेली. वहिनी समोर सतरंजीवर.

"बसा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. ते बसले.

"मला राग नाही आलेला," वहिनी म्हणाल्या, माझ्याकडे बघत. "भाऊजी, लग्नाला इतकी वर्षं झाली. मीठ दे, दार लाव, गाडी किती वाजता आहे, ह्यापलीकडे ह्यांनी माझ्याशी बोलणं नाही. माझंच काही चुकतं असं धरून चालले होते. काल कळलं, ह्यांना बोलता येतं. त्या बाईशी किती बोलतात! ती किती हसते! मला तिचा हेवा वाटला हो." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "मलाही एक सांगा. कसलीही. घाणेरडी असली तरी चालेल. नाहीतर मी इथं आले काय आणि भावाकडे राहिले काय, सारखंच."

त्यांनी हनुवटीला हात लावला आणि ऐकायला बसल्या, अगदी आमच्यासारख्या.

गादीशेठनी तोंड उघडलं, मिटलं.  मग माझ्याकडे वळले आणि एकदम सुरू झाले, "काय झालं मौनीबाबा, आमची ही आहे ना..."

"माझ्याकडे बघून सांगा," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी पाहिलं. मला वाटतं, खरंच पाहिलं. आणि सगळं आटलं. स्टोव्ह फरफरत होता तेवढाच आवाज. शेवटी म्हणाले, "पाणी आहे का प्यायला?"

वहिनी उठल्या. पाणी दिलं. ते उभे राहून प्यायले. मग वहिनींनी बादली सरळ केली आणि नळावर गेल्या.

आठवड्याभरात त्यांचा भाऊ येऊन त्यांना घेऊन गेला. रडणं नाही, आदळआपट नाही. गादीशेठ पेटी उचलून फाटकापर्यंत गेले. या वेळी ती पुढे होती आणि ते मागे. क्वार्टर परत करून ते पुन्हा माझ्या शेजारच्या खाटेवर आले. लोकांनी काही दिवस जपून घेतलं. नंतर जबान्या पुन्हा सुरू झाल्या. गादीशेठ सुट्टीवर जाऊन यायचे आणि बादलीवर बसायचे. त्यांच्या जबानीतली 'आमची ही' आता पूर्वीपेक्षाही धिप्पाड झाली होती. ड्रायव्हर म्हणाला, "वहिनींशी जमलं वाटतं." मलाही तसंच वाटलं. बरं वाटलं.

एकदा यंत्राचे सुटे भाग आणायला मला जवळच्या शहरात पाठवलं. गाडीला वेळ होता, म्हणून स्टँडसमोरच्या लॉजखाली चहा घेत होतो. वर गॅलरीत एक माणूस बनियन पिळत होता. गादीशेठ. ते तर सुट्टीवर गेले होते.

त्यांनी मला पाहिलं, खोलीत नेलं. एक खाट, भिंतीला एक खुंटी, मोरीत बादली. ते खाटेवर बसले, मला खुर्ची दिली.

"दर सुट्टीत इथंच?" मी विचारलं.

"इथंच. गादी वाईट आहे. माझ्याआधीचा माणूस फार तळमळलेला दिसतो." त्यांना हसवायचं होतं. मला हसू आलं नाही. मग म्हणाले, "या खेपेला गेलो होतो. तिच्या भावाकडे. दारापर्यंत."

"मग?"

"दार लोटलेलं होतं. आत ती भाच्यांना गोष्ट सांगत होती. मांजराची."

"आपली?"

"आपलीच. पातेलं, आई, सगळं. पलंग तेवढा काढलेला. मांजर दुधासाठी चार वेळा उडी मारतं असं केलंय. पोरं खिदळत होती, आणि तीही. मोठ्यानं. माझ्या जबानीतल्या बाईसारखी." ते थांबले. "माझ्यापेक्षा बरी सांगते. शेवटी मी घाई करतो, ती थांबते."

"आत का नाही गेलात?"

"गेलो असतो तर गप्प झाली असती."

 मी गाडीची वेळ झाली म्हणून उठलो.

चार दिवसांनी ते बराकीत परतले. संध्याकाळी बादली पालथी घातली गेली. ड्रायव्हरने ताटावर चमचा वाजवून ताल धरला. गादीशेठ उभे राहिले, पण खाटेच्या लोखंडाला हात तसाच. दोन पावलं टाकायची होती, ती टाकवेनात. लोक ओरडत होते, आणि त्यांचं तोंड उघडत-मिटत होतं. क्वार्टरमध्ये वहिनींसमोर झालं होतं तसंच.

मी कसा उठलो मला माहीत नाही. बादलीवर जाऊन बसलो. 

"यांची जबानी मी देतो," मी म्हटलं.

 मौनीबाबा बोलले होते.

"दार लोटलेलं होतं," मी सुरू केलं. "आत वहिनी मांजराची गोष्ट सांगत होत्या. हे बाहेर उभे. गोष्टीत चार उड्या होतात, तुम्हाला माहीत आहे. तीन झाल्या. आणि चौथीच्या आधी वहिनी थांबल्या. त्या तिथं थांबतात. तेवढ्यात यांनी दार ढकललं."

पुढचं मला येत नव्हतं. मी रचायचा प्रयत्न करत होतो, पण हे काम कधी केलेलं नव्हतं. लोक वाट बघत होते. ड्रायव्हरचा चमचा हवेतच होता.

गादीशेठ खाटेच्या कडेला बसले होते, हनुवटीला हात लावून.

"मग?" त्यांनी विचारलं. "गप्प झाली का ती?"

"नाही," मी म्हटलं. "चौथी उडी यांच्याकडे बघून सांगितली."

कोणी हसलं नाही. जेवणाची घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. गादीशेठ पुढे सरकले आणि म्हणाले, "मग?"