कांदा गप्प होईपर्यंत

बांबू सहा फूट दोन इंच उंच होता आणि अंगावर मांस नावालाच होतं. हे नाव त्याला कॉलेजात पडलं. फळबागेत पहिल्याच दिवशी तेही त्याच्या मागोमाग पोचलं, कारण सोबत कवी होता आणि कवीच्या पोटात काही राहत नसे. कवी साहित्य शिकत होता. एकही कविता पूर्ण केली नव्हती.

सुट्टी लागली की वसतिगृहाला कुलूप लागायचं. घरी जावं तर काकाचं कापडाचं दुकान वाट बघत असायचं. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा पुढे करणार आणि बांबूने त्याला जुळणारं दोऱ्याचं रीळ काढून पुडीत बांधून द्यायचं, हे काम. मागच्या सुट्टीत त्याने एका बाईंना हिरव्या कापडासाठी तांबडा दोरा बांधून दिला. बाई घरी जाऊन पुडी सोडून परत आल्या. काका चार माणसांत म्हणाला, "लक्ष कुठे असतं याचं? एक काम धड करेल तर शपथ!"

बांबूने मान खाली घातली. लक्ष सगळं तिथेच होतं. तांबडं आणि हिरवं त्याला एकसारखंच दिसायचं, मातकट. हे त्याने जन्मात कोणाला सांगितलं नव्हतं. झाकली मूठ ती झाकलीच बरी.

म्हणून तो या सुट्टीत सफरचंदं तोडायला आला. निघताना काका म्हणाला होता, "आठ दिवसांत परत येशील. तुझी खुर्ची पुसून ठेवतो."

सफरचंद तोडायला रंग कळावा लागतो, हे मात्र बांबूच्या डोक्यातच आलं नाही. डोळस माणूस अशी चूक करणार नाही. त्याला वाटलं, फळ दिसलं की तोडायचं. उंच माणसाला शिडीसुद्धा लागणार नाही.

मुकादम मावशींनी पहिल्याच सकाळी सांगितलं, "पहिल्या तोडणीत फक्त तांबडी. हिरवी झाडावरच राहू द्या, ती पुढच्या पंधरवड्यात." मावशी पन्नाशीच्या. गळ्यात दोरीला बांधलेला चाकू. रांगेच्या टोकाला उभ्या राहून त्या प्रत्येकाचा क्रेट तपासायच्या. "तीन क्रेट कच्चे निघाले की त्याने गाशा गुंडाळायचा. मला सांगायला लावू नका."

पहिल्या दिवशी त्याने मोठी मोठी बघून तोडली. क्रेट कच्चा निघाला. दुसऱ्या दिवशी उन्हाच्या बाजूची तोडली. ती थोडी बरी निघाली, पण क्रेट कच्चाच.

"एक राहिला," मावशी म्हणाल्या.

त्या संध्याकाळी त्याने कवीला सांगून टाकलं. कवी त्याच्याकडे बघतच राहिला. तीन वर्षं दोघे एका खोलीत राहिले होते.

"म्हणजे माझा तो लाल स्वेटर..."

"मातकट आहे."

"आणि मी?"

"तूही."

मग कवीने शक्कल काढली. दोघांनी शेजारशेजारची झाडं घ्यायची. बांबूने फळाला हात लावायचा. कच्चं असलं तर कवीने खोकायचं.

तिसऱ्या दिवशी कवी दुपारपर्यंत खोकत होता. बांबूचा क्रेट सुरेख निघाला. मावशींनी क्रेटकडे पाहिलं, मग कवीकडे.

"क्षयरोग झालाय का रे?"

"धूळ आहे, मावशी."

"बरं. उद्यापासून तू खालच्या रांगेत. तिथे धूळ कमी आहे."

झालं. खोकला दोनशे झाडं लांब गेला.

बागेतल्या कामगारांच्या चाळीत एकच स्वयंपाकघर होतं. दोन शेगड्या, एक नळ, भिंतीवर पाळ्यांचा कागद. त्या संध्याकाळी पाळी बांबूची होती. भात, अंडी आणि कांदा-बटाटा. उद्या या वेळी आपण इथे नसू, हे त्याला ठाऊक होतं. निदान जेवण तरी धड करावं, म्हणून तो मन लावून कांदा चिरत होता.

वसतिगृहातही तोच रांधायचा. कवीला चहासुद्धा जमत नसे. बांबूच्या हाताला चव होती आणि तिचं कारण कोणी विचारलं नव्हतं. पातेल्यात कांदा टाकला की तो मान तिरकी करायचा, कान पातेल्याकडे, डोळे खिडकीबाहेर.

मावशी पाणी भरायला आल्या होत्या. घागर भरून वाहायला लागली तरी त्या बघत उभ्या.

"पातेल्यात बघत का नाहीस?"

"ऐकतोय."

"काय ऐकतोयस?"

"कांदा. आधी तो खूप बडबड करतो. पाणी आटलं की आवाज खाली येतो. गप्प झाला की बटाटे घालायचे." मग त्याने हवेत नाक वर केलं. "आता झालाच."

त्याने बटाटे टाकले. मावशी वाकून पातेल्यात डोकावल्या. कांदा अगदी हवा तसा झाला होता, एक काप करपला नव्हता.

"आणि रंग?"

बांबूच्या हातातला झारा थांबला. खोटं बोलायला तोंड उघडलं, पण खोटं आलंच नाही.

"मला तांबडं-हिरवं कळत नाही, मावशी."

नळ तसाच वाहत होता. मावशींनी तो बंद केला. घागर कमरेवर घेतली.

"उद्या सकाळी तोडणीची झोळी घेऊ नकोस," त्या म्हणाल्या. "सरळ माझ्याकडे ये." आणि गेल्या.

जेवताना सगळे बोटं चाटत होते. बांबूने मावशींचं बोलणं कवीला सांगितलं. कवी म्हणाला, "मीही येतो तुझ्याबरोबर."

"तू कशाला? तुला तर सगळं दिसतं."

"दिसतं. पण रांधणार कोण?"

सकाळी बांबू पिशवी भरून, बूट बांधून मावशींसमोर उभा राहिला. काकाने पुसून ठेवलेली खुर्ची त्याला डोळ्यांसमोर दिसत होती.

मावशींनी पिशवीकडे पाहिलं. "हे गाठोडं कशाला?"

"तुम्ही म्हणालात..."

"झोळी घेऊ नकोस म्हणाले. आजच्या कामाची झोळी वेगळी असते, मऊ अस्तराची. गाठोडं आण असं म्हणाले का? ठेव ते तिकडे."

त्या त्याला विहिरीपलीकडे घेऊन गेल्या. तिथे सफरचंदं नव्हती. नासपतीची जुनी उंच झाडं होती, चाळीस-एक.

"हिला झाडावर पिकू द्यायचं नसतं," मावशी म्हणाल्या. "ही आतून पिकते. बाहेर रंग आला, म्हणजे आत गाळ झाला. माझे सगळे डोळेवाले इथेच फसतात. सोनेरी दिसली की हात जातोच त्यांचा." त्यांनी एक फळ तळव्यात घेतलं आणि हळूच वर उचलून आडवं केलं. देठ फांदीपासून टक्कन सुटला. "वेळ झाली." दुसरं उचललं. ते फांदीला धरूनच राहिलं. त्यांनी ते सोडून दिलं. "हिची नाही झाली. ओढायचं नाही. नुसतं विचारायचं."

बांबूने एक फळ हातात घेतलं. उचललं. टक्कन.

दुपारपर्यंत त्याने शिडीला हात लावला नाही. तळवा खाली न्यायचा, उचलायचं, थांबायचं. सुटलं तर झोळीत, नाही तर पुढे. सुटण्याआधी देठ कुरकुरतो, हे तासाभरात त्याला ऐकू यायला लागलं. डोळे मिटूनही काम होत होतं. एकदा त्याने खरंच मिटून बघितले.

दुपारी मावशी क्रेट तपासायला बसल्या. आधी एका जुन्या तोडणाऱ्याचा. वरून सोनेरी फळ उचललं, चाकूने दोन फाका केल्या. आत तपकिरी गाळ.

"वीस वर्षं काम करतोस ना रे?"

"दिसायला छान होती, मावशी."

"लग्नासाठी बघत होतास का?"

मग बांबूचा क्रेट. मावशींनी एक फळ कापलं. घट्ट, पांढरं. दुसरं कापलं. तिसरं तळातून काढून कापलं. मग चाकू पुसला आणि प्रत्येक फळाचा देठ बोटाने चाचपला. बांबू बघत नव्हता, ऐकत होता. चाकू मिटल्याचा आवाज आला.

"सगळे देठ शाबूत," मावशी म्हणाल्या. "हंगाम संपेपर्यंत इकडेच राहायचं. आणि हे बघ, पुढच्या वेळी कोणी काम सांगितलं तर आधीच सांगायचं, मला हे दिसत नाही म्हणून. मी काय खाल्लं असतं तुला?"

बांबूचा जीव भांड्यात पडला. तो मटकन क्रेटवर बसला. मावशी ओरडल्या, "अरे, फळांवर नको!" तसा जमिनीवर बसला.

खालच्या रांगेतून कवी धावत आला होता. त्याला पिशवी झाडाखाली दिसली आणि मित्र मातीत बसून हसताना.

"काय झालं? काढलं?"

"नाही. ठेवलं."

कवी त्याच्या शेजारी मातीतच बसला.

संध्याकाळी पाळी कवीची होती, म्हणजे बांबूचीच. पातेलं शेगडीवर ठेवून त्याने आईला फोन लावला. स्पीकर चालू केला आणि फोन खिडकीत ठेवला.

"आई, मी आणखी दीड महिना इथेच आहे. काकाला सांग, खुर्ची कोणाला तरी देऊन टाक."

"बरं झालं बाई. जेवतोस ना?"

"आई, मला एक सांगायचंय." कांदा पातेल्यात पडला आणि बडबडायला लागला. "मला तांबडं आणि हिरवं वेगळं दिसत नाही. लहानपणापासून."

"माहीत आहे मला."

"काय?"

"जगभर आया लेकरांना सांगतात, कांदा लाल होईपर्यंत परत. तुला रांधायला शिकवताना मी कधी तसं सांगितलं का? गप्प होईपर्यंत, म्हणाले."

बांबू खिडकीतल्या फोनकडे बघत राहिला. मागे बटाटे सोलत बसलेल्या कवीचा चाकू थांबला.

"मग बोलली का नाहीस?"

"तू लपवत होतास. मला वाटलं, सांगेल तेव्हा सांगेल. काका चार माणसांत बोलल्यावर मात्र मी बोलायला हवं होतं. ते चुकलंच माझं." आईने विचारलं, "रागावलास का?"

"नाही गं. आई, ऐक..."

"काय?"

"थांब. कांदा गप्प झाला."