साठ चकत्या आणि एक माठ

उरवड्यात मी पिठाची गिरणी टाकली तेव्हा घरात ठरलं होतं: दिवाळीपर्यंत गिऱ्हाईक टिकलं नाही तर गिरणी विकायची. अडचण दळणाची नव्हती, सुट्ट्याची होती. त्या वर्षी दोन रुपयांची नाणी दिसेनाशी झाली होती. मी गोळ्या द्यायचे. बायका म्हणायच्या, "आमचं दात पडत्यात, तुझं काय जातंय?" आणि पुढचा डबा थेट पिरंगुटच्या गिरणीत.

मग भंगारवाल्याकडून तांब्याच्या पातळ पत्र्याचे साठ गोल तुकडे आणले. प्रत्येकावर खिळ्याने कणीस ठोकलं, मागे नंबर. एक चकती म्हणजे दोन रुपये, पुढच्या दळणात वळते. कुठला नंबर कुणाकडे, ते वहीत.

दोन आठवड्यांत सगळ्या वाटल्या गेल्या. परत आल्या चार. म्हटलं, सगळ्या बायका पिरंगुटला गेल्या. वही काखेत मारून घरोघर निघाले.

सात नंबर पहिल्याच घरी सापडला. पाण्याच्या माठात, तळाशी.

"तांब्याचं पाणी चांगलं असतंय, वैनी," घरधनीण म्हणाली. "हंडा कुटं परवडतोय? हे फुकट हाय."

"फुकट कसं? दोन रुपये आहेत ते!"

"व्हय? मग लईच स्वस्त हाय की!"

अठरा नंबर दुसऱ्या घरी देव्हाऱ्यात, हळदकुंकू लावलेला. सवयीने मी हात जोडले आणि मग कळलं कुणाला जोडले. एकतीस नंबर मेंढरं राखणाऱ्या मावशींच्या एडक्याच्या गळ्यात. "कळपात ह्योच तेवढा शिकलेला," मावशी म्हणाल्या, "नंबर हाय त्याला."

मी बांधावर बसून पोट दुखेपर्यंत हसले. मग धीर करून विचारलं, "मावशी, दळण कुठं टाकता हल्ली?"

"तुज्याकडंच की! आनि एक चकती दे, लेकीच्या माठाला."

दसऱ्याच्या सुमारास नाणी पुन्हा मिळू लागली. मी ऐटीत एक कोरं नाणं पुढे केलं. समोरच्या बाईने ते माझ्याकडेच सरकवलं. "ह्ये काय करू? तांब्याचं दे." मागे डबे घेऊन आणखी दोघी रांगेत होत्या. त्या हसल्या आणि त्यांनीही तेच मागितलं. मावशींच्या लेकीची धरून परत आलेल्या चारही गेल्या.

दिवाळीला गिरणी विकायचा विषय नवऱ्याने काढला नाही. फराळ करताना एवढंच विचारलं, "आपल्या माठात कितवा नंबर आहे गं?"

मी वही उघडली. साठही ओळींपुढे दुसऱ्यांचीच नावं होती.