एकाचा फरक

ताळाबाई हे नाव त्यांना ऑफिसातल्या टपालवाल्याने ठेवलं, आणि ते इतकं चिकटलं की साहेबसुद्धा तीच हाक मारायला लागले. नावात काही खोटं नव्हतं. शाळेत गणित सुटलं की बाकीची मुलं वही मिटून पळतात. बाई मागे राहून ताळा करून बघणाऱ्यांतल्या. पुढे त्यांना नोकरीही तशीच मिळाली.

ऑफिस म्हणजे बुटांच्या दुकानावरचं, अंधांसाठीचं ग्रंथालय. हौशी मंडळी तिथे येऊन पुस्तकं वाचत, त्यांचं रेकॉर्डिंग होई आणि ती बोलकी पुस्तकं टपालाने घरोघर जात. कुणाला काय धाडायचं ते सगळं डेटाबेसमध्ये, आणि तो सांभाळायचा बाईंनी. दर शुक्रवारी, चहाच्याही आधी, त्या तपासणी चालवत: प्रत्येक नोंद धड आहे ना, आणि प्रत्येक नोंदीचा ठावठिकाणा इंडेक्समध्ये आहे ना. मशीन नाव शोधताना हजारो नोंदी चाळत बसत नाही. जाड पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, तशाच इंडेक्समध्ये ते बघतं आणि थेट त्या पानावर जातं. सूचीतूनच नाव गळलं, तर पान जागच्या जागी असूनही कुणाला सापडायचं नाही. अर्थात तसं कधी झालं नव्हतं. दर शुक्रवारी सगळं जुळायचं, आणि दर शुक्रवारी टपालवाला विचारायचा, "काय बाई, झाली का हजेरी? सगळी पोरं वर्गात आहेत ना?"

मग बाईंच्या नवऱ्याचं हृदयाचं दुखणं निघालं आणि बाई सहा महिने रजेवर गेल्या. त्यांच्या जागी आलेल्या गृहस्थांनी तपासणीला हातही लावला नाही. चाललंय ना सगळं, मग कशाला नसती उठाठेव! अशा माणसांचं कुठेच अडत नाही, अडतं ते दुसऱ्यांचं.

नवरा हिंडू-फिरू लागला आणि बाई कामावर परतल्या. पर्स खुंटीला अडकवली आणि आधी तपासणी लावली. नोंदींपेक्षा इंडेक्समध्ये एक नाव कमी होतं.

बाई घाबरल्याच. आणि घाबरलेलं माणूस करतं तेच त्यांनी केलं. डोक्याच्या आधी हात चालले. इंडेक्स पुसून नव्याने बांधायचा हुकूम त्यांनी देऊन टाकला. जरा वेळात सगळं जुळलं. साहेब खूश झाले. "आल्या आल्या दुरुस्ती! याला म्हणतात काम."

चहाचा कप तोंडाला लावल्यावर बाईंच्या लक्षात आलं, की गळलेलं माणूस कोण होतं ते आपण बघितलंच नाही. आता ते सगळ्यांत मिसळून गेलं होतं. वेगळं ओळखू यायची एकुलती एक खूण होती, ती आपल्याच हाताने पुसली. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"पण बाई, आता पुढच्या खेपेला त्याला पुस्तकं जातील की," साहेब म्हणाले. "आणि मधल्या काळात एक तक्रार नाही आली."

"तक्रार आली असती तरी आपण नाव शोधूनच बघितलं असतं ना, साहेब? आणि ते तर सापडतच नव्हतं."

साहेबांनी मान डोलावली. त्यांना फारसं कळलं नव्हतं.

घरी जेवताना बाईंनी ऑफिसातलं सांगितलं. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं.

"दवाखान्यात एकदा माझा चहा राहिला होता," तो म्हणाला. "आठवतंय? सगळ्या खाटांना दिला, मला नाही. दुसऱ्या दिवशी मिळाला गं. पण रात्रभर मी विचार करत होतो, की आता याला चहा देऊन काय उपयोग, असं तर नाही ना ठरवलं यांनी?"

"अहो, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत!"

"आता सांगितलं. वाढ भात."

दुसऱ्या दिवशी बाईंनी बॅकअपमधून दुरुस्तीच्या आदल्या दिवसाची प्रत काढली आणि एका जुन्या कॉम्प्युटरवर तो मोडका डेटाबेस मुद्दाम, होता तसा मोडका, परत उभा केला. सुधारलेलं पुन्हा बिघडवताना बघून टपालवाल्याला वाटलं, घरच्या काळजीने बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला. बाई इंडेक्सवर विसंबल्याच नाहीत. एकेक नोंद पहिल्यापासून चाळत, तिचं नाव इंडेक्समध्ये आहे का ते ताडलं आणि दुपारी ते गळलेलं नाव हाती लागलं. एक म्हातारे सुतार, उतारवयात दृष्टी गेलेले. नोंदीत शेवटचा बदल झाला त्याच दिवशी वीज गेली होती. नोंद लिहून झाली, इंडेक्सचं राहून गेलं.

फोन करता आला असता. पण काही चुका समोर बसूनच कबूल करायच्या असतात, असं बाईंचं मत होतं. त्यांनी नोंद छापून घेतली, राहिलेली पुस्तकं पिशवीत भरली आणि बस पकडली.

दार सुतारांच्या सुनेने उघडलं. ग्रंथालयाचं नाव ऐकताच तिचा चेहरा ताठ झाला.

"आता बरी आठवण झाली! मी फोन केला होता तेव्हा तुमच्या माणसाने सांगितलं, या नावाचं कुणी नाहीच आमच्याकडे. बाबा शेजारीच बसले होते. ऐकलं त्यांनी."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत खिडकीशी सुतार बसले होते. बाईंचा आवाज ऐकून ते अर्धवट उठले. "चुकलंच माझं," बाईंनी तोंड उघडायच्या आतच ते म्हणाले. "मी तक्रार करायला नको होती. त्या वाचणाऱ्या बाई मरणाच्या प्रसंगातसुद्धा गाडी चुकेल अशा घाईने वाचायच्या, म्हणून फोनवर बोलून गेलो. फुकट मिळतंय आणि वर नावं ठेवतोय! तुम्ही माझं नाव काढलंत ते बरोबरच होतं."

"काढलं नव्हतं हो, आजोबा!" बाई म्हणाल्या. "चूक आमची आहे. नाव होतं. आम्हालाच सापडत नव्हतं."

"मला बरं वाटावं म्हणून सांगताय."

बाईंनी कागद काढला आणि वाचायला सुरुवात केली. नाव. गल्ली. व्यवसाय, सुतारकाम. आवड, लांबलचक कादंबऱ्या. आणि शेवटची ओळ, वीज गेली त्या दिवशीची: "दुःखाचे प्रसंग सावकाश वाचावेत अशी सूचना. योग्य आहे. वाचणाऱ्यांना कळवावे."

सुतार हळूच पुन्हा खाली बसले. मग त्यांनी विचारलं, "योग्य आहे, असं लिहिलंय?"

"असंच लिहिलंय."

"पुन्हा वाचा. पहिल्यापासून."

बाईंनी पहिल्यापासून वाचलं, सावकाश. नाव वाचून होताच सुतारांनी हात वर करून बाईंना थांबवलं आणि दाराकडे मान वळवली.

"सूनबाई, ऐकलंस का गं? आहे माझं नाव."

"ऐकलं, बाबा," सून म्हणाली, आणि बाईंसाठी खुर्ची पुढे ओढली.